मुलाखत की फुकटची सल्लामसलत?

मुलाखतीत उमेदवारांकडून ‘नमुना काम’ करून घेण्याचे समर्थन करणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तासाभराची चाचणी समजू शकते. पण कंपनीचा खराखुरा प्रश्न सोडवून घेणे ही चाचणी नव्हे. अंधेरीतील एका कंपनीने तिसऱ्या फेरीत मला भिवंडीच्या गोदामातून होणाऱ्या मालवाहतुकीचा खर्च कमी करण्याचा आराखडा मागितला. दोन रात्री जागून 22 पानी सादरीकरण केले. समोरचे पाचही जण भराभर वहीत उतरवून घेत होते. एकाने तर ट्रकच्या फेऱ्यांच्या तक्त्याचा फोटोही काढला. मानधनाचा विषय मात्र निघाला नाही. (चहा उत्तम होता.) आठवड्याने ‘पद तूर्त स्थगित’ असा दोन ओळींचा ईमेल आला.

1957 चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. आणि सल्लागार विकतो ती कल्पनाच. फुकट देण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी, असे भारतीय करार कायद्याचे (1872) कलम 70 सांगते खरे. पण दोन रात्रींच्या कामासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आराखडा हवा असेल तर कंपन्यांनी त्याचे शुल्क आधी ठरवावे, नाहीतर जुनी कामे पाहून निर्णय घ्यावा.

– एक सल्लागार, मुलुंड (पूर्व)