मागचे दिवे कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की धुक्यातल्या अपघातांच्या बातम्या सुरू होतात आणि सगळं खापर धुक्यावर फोडून आपण मोकळे होतो. ग्वाल्हेरला धुकं काय आज पडायला लागलं? गोला का मंदिरहून भिंड रोडला लागा, नाहीतर पहाटे झाशी रोडने डबऱ्याकडे निघा आणि पुढच्या गाड्यांच्या पाठीकडे बघत चला. कुणाचा एक टेललाइट गेलेला, कुणाचे दोन्ही. उजवा दिवा गेलेली कार अंधारात डावीकडून चाललेली मोटरसायकल वाटते. मागचा बिनधास्त ओव्हरटेक करायला जातो आणि थेट तिच्यावर आदळतो.

हेडलाइट गेला तर चालवणाऱ्याला लगेच कळतं, कारण त्यालाच रस्ता दिसेनासा होतो. मागचे दिवे दुसऱ्यांसाठी असतात, त्यामुळे ते महिनोन्‌महिने बंद राहिले तरी मालकाचं काही अडत नाही. त्यात नव्या गाड्यांची वेगळीच गंमत. इंजिन सुरू केलं की पुढे एलईडीची पांढरी पट्टी पेटते, डॅशबोर्ड उजळतो, आणि साहेब समजतात दिवे लागले. पुष्कळ गाड्यांत त्या पट्टीबरोबर टेललाइट लागतच नाहीत, स्विच फिरवावा लागतो. संध्याकाळी शहरातल्या उजेडात ही चूक लक्षातही येत नाही. धुक्यात चारही इंडिकेटर चमकवत पळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. हा वळणार की थांबणार, मागच्याने ओळखायचं कसं?

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. आमच्या लष्कर भागात भिंतींना तोटा नाही. अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करा, दिवे लावा आणि आरशात बघा, लाल उजेड दोन्हीकडे सारखा पडतोय का. मग ब्रेक दाबा. हे दोन्ही वेगवेगळं बघायचं, कारण साध्या बल्बमध्ये बहुधा टेलची तार निराळी आणि ब्रेकची निराळी असते. एक जळाली तरी दुसरी चालते. इंडिकेटर एका बाजूला नेहमीपेक्षा भरभर टिकटिकू लागला, तर त्या बाजूचा बल्ब उडालाय असं बहुतेक वेळा खुशाल समजावं. हेडलाइटचा डिपर, म्हणजे खाली पडणारा झोत, गेला की कित्येक जण अपरवरच, म्हणजे लांबच्या झोतावरच, काम भागवतात. धुक्यात अपरचा उजेड थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि समोरच्याला काही दिसत नाही ते वेगळंच.

ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना नुसता दंड करून भागणार नाही. ट्रॉलीला दिवा असला तरी ट्रॅक्टरला जोडायची वायर बऱ्याचदा नुसती लोंबत असते आणि रिफ्लेक्टर चिखलाखाली गेलेला असतो. मंडीच्या फाटकावरच रेडियमची पट्टी चिकटवून द्यायला कितीसा खर्च येणार?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०५ व्या नियमाप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, दिवे लावणं बंधनकारक आहे. म्हणजे धुक्यातली सकाळही त्यात आली. पण चौकात पोलीस हेल्मेट बघतात, कागद बघतात, तेही भर दुपारी आणि गाडीच्या पुढे उभं राहून. नाका चंद्रवदनी चौकात संध्याकाळी एक जण पुढे आणि एक जण मागे उभा करावा, एवढीच विनंती.

दुसरी सूचना ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याबद्दल. १९०५ पासून भरणाऱ्या आपल्या मेळ्यात आता गाड्यांचा मोठा बाजार असतो, रोड टॅक्सची सवलत मिळते त्या वर्षी तर झुंबडच उडते. तिथे पार्किंगच्या तोंडाशी दिवे तपासायचा एक स्टॉल का असू नये? साधा बल्ब शंभराच्या नोटेत येतो. तिथल्या तिथे बदलून मिळाला तर लोक आनंदाने पैसे देतील. मेळ्याच्या व्यवस्थापनाने आणि वाहतूक पोलिसांनी यंदा निदान शनिवार-रविवारी तरी हे करून बघावं. आपल्या वर्तमानपत्राने त्यांना तसं विचारावं.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर