चमकणारा प्रत्येक ठिपका कर्करोग नव्हे

माननीय संपादक, स. न. वि. वि.

‘पेट स्कॅनमध्ये कर्करोग दिसतो’ असे विधान आरोग्यविषयक लेखांतून सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. या तपासणीत (पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, म्हणजेच PET) दिसते ती मुख्यतः पेशींची चयापचय क्रिया. शिरेतून दिलेल्या, ग्लुकोजसारख्याच रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जुळा कण) जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच नष्ट होतो आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना बाहेर पडतात. त्यांच्या एकाच वेळी झालेल्या नोंदी जुळवून संगणक चित्र उभे करतो.

साहजिकच, जिथे ग्लुकोजची भूक मोठी तिथे चित्र उजळते. मेंदू तर निरोगी माणसाचाही उजळतो, मूत्राशयही (त्याचे कारण वेगळे: हे द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते). क्षयरोगाची गाठ किंवा शस्त्रक्रियेनंतरची सूजही तशीच चमकू शकते. उलट प्रोस्टेटच्या अनेक गाठी या द्रव्याने फारशा दिसत नाहीत. म्हणूनच बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीची) गरज संपत नाही, एवढे तरी रुग्णाला आधीच समजावून सांगायला हवे.

संशोधनातील उपयोगाबद्दल तर क्वचितच लिहिले जाते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील अमायलॉइड या प्रथिनाचे साठे त्यांच्या हयातीतच दाखवणाऱ्या द्रव्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ते कार्बन-११ वर आधारित होते. कार्बन-११ चा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे २० मिनिटांचाच असल्याने तो तयार करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळच असावे लागते. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा, त्यामुळे रोजच्या वापरात तेच अधिक रुळले.

आपला,
एक वाचक