टेकडी उजाड नव्हती

महोदय,

रविवारच्या अंकातील परकीय प्रजातींवरील लेख वाचला. माणसाने जगभर ३७ हजारांहून अधिक परकीय प्रजाती नव्या प्रदेशांत नेल्या आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी ठरल्या, हा आयपीबीईएस या जैवविविधतेवरील आंतरसरकारी संस्थेच्या २०२३ च्या अहवालातील निष्कर्ष आपण ठळक छापला, याबद्दल आभार. मात्र त्याच अंकाच्या शहर पुरवणीत ‘उजाड टेकडी नेसली हिरवा शालू’ या ओळीसह जे छायाचित्र आहे, त्यातील बहुतेक झाडे मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची आहेत, हे आपल्याकडे कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचा मनस्वी खेद वाटला.

ती टेकडी उजाड कधीच नव्हती. माझे घर तिच्या पायथ्याशी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वर फिरायला गेले की पवन्या आणि कुसळी ही गवते गुडघ्याला लागायची, घरी आल्यावर पायरीवर बसून मोज्यांतली कुसळे एकेक करून उपटावी लागत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पायवाटेजवळून चंडोल गात गात सरळ वर चढे. पुढे गिरिपुष्प आले. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, फांदी रोवली तरी जगते आणि झपाट्याने वाढते, एवढ्यावरच त्याची निवड झाली. आज त्या झाडांखालचा वाळक्या पानांचा थर पायाने सारून पाहिला, तर गवताचे एक ठोंब दिसत नाही. दिसतात ती गिरिपुष्पाचीच रोपे, कारण शेंगा तडकून बी लांब उडते. तोडावे तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी हे झाड लावण्यास माझा आक्षेप नाही, तिथे शेतकरी ते दरवर्षी छाटतो. टेकडीवर कोण छाटणार?

गेल्या जुलैमधील वृक्षारोपणासाठी आम्ही रहिवाशांनी खैर, बारतोंडी आणि बोर यांची रोपे लेखी मागितली होती. कागदावर ‘देशी रोपे’ असा शेरा मिळाला आणि टेम्पोतून उतरली ती निम्म्याहून अधिक गिरिपुष्पाची. त्याविषयीचे माझे पत्र आपण छापले खरे, पण त्यातील ‘पवन्या’ आणि ‘कुसळी’ काढून दोन्हींच्या जागी ‘रानगवत’ केले. ज्या गवतांसाठी पत्र लिहिले, त्यांचीच नावे त्यात उरली नाहीत.

यापुढे वृक्षारोपणाची बातमी देताना कोणती रोपे किती लावली, हे आयोजकांकडून विचारून छापावे. आणि या पत्रातील नावे कृपया आहेत तशीच ठेवावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे