आमची खापरे कुठल्या गावची, एवढे तरी शाबूत ठेवायचे होते

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. तापीकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, नांगरट झाली, पहिला पाऊस पडून गेला की रंगीत खापरे, मणी, दगडी पाती उघडी पडतात. ती मी उमेदीच्या काळात वेचली. प्रत्येक पुडीत चिठ्ठी घातली : गाव, गट नंबर, नदीची बाजू, तारीख. मण्यांसाठी पैसे घेऊन दारात आलेल्यांना हाकलून दिले आणि सगळे डबे एका विद्यापीठाच्या संग्रहालयाला फुकट दिले. रीतसर नोंद करू, खानदेशचे वेगळे दालन करू, असा शब्द मिळाला होता.

गेल्या आठवड्यात गावची मुले घेऊन तिथे गेलो. दालन नाहीच. मागच्या खोलीत पोती होती, डबे रिकामे करून सगळी गावे एकत्र ओतलेली. चिठ्ठ्या गायब. पोत्यावर एकच शब्द : ‘खानदेश’. एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपला गावनं काय शे यामा?” मला उत्तर देता आले नाही. तिथला कर्मचारी म्हणाला, “खापरंच तर आहेत.”

मंत्रिमहोदय, ठिकाण हरवलेले खापर म्हणजे सातबारा हरवलेली जमीन. ते कोणत्या गावचे, कोणत्या थरातले, हे गेले की अभ्यास संपला. ती चिठ्ठी पुन्हा कोणी लिहू शकत नाही. पांढरीची माती लोकांनी धाब्याच्या घरांवर, शेतात वाहून नेली. कितीतरी टेकाडे सपाट झाली. मी चाळलेली जागा आज उरलेली नाही.

आणि हा प्रदेश काही ऐरागैरा नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सावळद्याच्या नावाने चार हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाण (तांबे आणि दगड दोन्ही वापरणारी) संस्कृती ओळखली जाते. त्या लोकांनी भांड्यांवर बाणांची टोके आणि जनावरे रंगवली. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केले. अशीच जुन्या वस्तीची ठिकाणे म्हणजे गिरणाकाठी बहाळ आहे, साक्री तालुक्यात कवठे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी मिळाली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची! प्रकाश्याला दक्षिण काशी म्हणून दर्शनाला येणाऱ्या किती जणांना पायाखालचे गाव ठाऊक आहे? कोण सांगणार त्यांना, आणि काय दाखवून?

शेतकऱ्याला जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला आणि त्याने कळवले नाही, तर १८७८ चा निखात निधी कायदा त्याला शिक्षा देतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा धाकही आम्हालाच. मग संस्थेने ठेव्याची ओळखच पुसली तर कोणते कलम लागते? कोणालाच जाब नाही. खानदेशने केळी द्यावी, कापूस द्यावा, जमिनीतले सगळे द्यावे, आणि हिशेब मागितला की जाऊ द्या म्हणून ऐकून घ्यावे, हे किती पिढ्या चालणार? नंदुरबार जिल्हा होऊन १ जुलै १९९८ पासून एवढी वर्षे गेली. मंडपांना, कमानींना, महोत्सवांना पैसा निघतो. खोकी, कपाटे आणि नोंदवही लिहिणारा एक प्रशिक्षित माणूस यांची वेळ आली की निधी नसतो. घरात धूळ आणतो म्हणून मी घरच्यांचे बोलणे खाल्ले, गुडघे घालवले. त्याची भरपाई मागत नाही. पण त्या पोत्यांपुढे मुलांसमोर उभे राहताना जी लाज वाटली, ती माझी नव्हती.

राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठ संग्रहालयाची नोंदवही तपासा. कोणती वस्तू कुठून आली आणि आज कुठे आहे, ते जाहीर करा. जिथे चिठ्ठ्या उरल्या असतील तिथे आधी त्या वाचवा. माझ्या वहीत गावांच्या याद्या आणि काही खापरांची चित्रे आहेत. जाणकार बसवा, मी सोबत बसतो, जेवढे जुळेल तेवढे जुळवू. त्यातले प्रकाशे, सावळदा परिसरातले नमुने नंदुरबारला दाखवायला पाठवा.

उत्तर लेखी हवे. फोनवरचा शब्द मी एकदा घेतलेला आहे.

आपला,
शहादा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक