ऑनलाइन कमाईचे वर्ग आणि खान्देशातला खरा धंदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, ‘घरबसल्या ऑनलाइन कमाई’ शिकवणाऱ्या वर्गांचे फलक बसस्थानकापासून महाविद्यालयाच्या कुंपणापर्यंत लागलेले दिसतात. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही त्यांची भर पडलेली आहे. मी काही वर्षांपासून अमळनेरहून महिला बचत गटांच्या आणि काही लहान उत्पादकांच्या मालाची ऑनलाइन जाहिरात व विक्री सांभाळते. हाच माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि त्यावर माझे घर चालते. त्यामुळे या व्यवसायात पैसा नाही, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, या वर्गांत व्यवसायाची उभारणी नेमकी उलट्या क्रमाने शिकवली जाते. आधी साधने, मग मिळेल ते उत्पादन आणि महिनाभरात उत्पन्न, असा त्यांचा क्रम असतो. प्रत्यक्षात क्षेत्राची निवड आधी येते, त्या क्षेत्रातला ग्राहक ओळखण्यात बराच काळ जातो आणि साधने वापरायला शिकण्यासाठी त्यानंतर पंधरवडाही पुरतो.

यांपैकी काही अभ्यासक्रम बारकाईने पाहिले, तर विकायला शिकवला जाणारा माल म्हणजे तोच अभ्यासक्रम असल्याचे लक्षात येते. विद्यार्थ्याने काही हजार रुपये भरून व्हिडिओंचा संच विकत घ्यायचा, तोच संच मित्रांना आणि मामे-आतेभावंडांना विकून कमिशन मिळवायचे आणि त्यांनीही पुढे तेच करायचे. पैसे देणाऱ्याला वस्तू हवी आहे की त्यालाही तीच कमाई हवी आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी अशा साखळीचे स्वरूप उघड होते. थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजना यांना मनाई केलेली आहे. परंतु अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ते कोण सांगणार? शिक्षकाच्या मोबाइलवर जमा झालेल्या रकमेचा स्क्रीनशॉट त्याला अधिक खरा वाटतो.

प्रामाणिकपणे शिकू पाहणारी मुलेमुलीही क्षेत्र निवडताना बहुधा मोठ्या विषयांकडे ओढली जातात. आरोग्य, प्रेरणादायी विचार, मोबाइलची माहिती आणि शेअर बाजार या विषयांवर हिंदी व इंग्रजीत भांडवल आणि माणूसबळ असलेल्या कंपन्या रोज शेकड्यांनी लेख आणि व्हिडिओ काढत असतात. तिथे शिरपूरच्या किंवा पारोळ्याच्या एकट्या मुलाने उतरणे म्हणजे मुद्दाम गर्दीत जाऊन उभे राहणे आहे. याउलट रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यातील केळी उत्पादकाला पानावर करपा आणि सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग यांतला फरक कसा ओळखायचा, घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, केव्हा घालायची, निर्यातीसाठी फण्या वेगळ्या करताना चिकाचे डाग कसे टाळायचे, हे मराठीतून, आपल्याच शेतात उभे राहून दाखवणारा कोणी असेल, तर त्याचा प्रेक्षक थोडा असला तरी तो खर्च करणारा असतो. टिश्यू कल्चर रोपे, ठिबकचे साहित्य आणि विद्राव्य खते विकणाऱ्यांना नेमका तोच शेतकरी हवा असतो आणि ते त्यासाठी पैसे मोजायला तयार असतात. या धंद्यातले लोक ज्याला ‘निश’ म्हणतात, ते हेच.

अरुंद क्षेत्रातून मोठा उद्योग उभा राहू शकतो, हे जळगावला नव्याने सांगावे लागू नये. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक आजारी कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. ज्या पदार्थाचे नावही सामान्य माणसाने ऐकलेले नव्हते, त्यावर त्यांनी निर्यातीचा व्यवसाय बसवला. ठिबक सिंचन त्यानंतर आले. त्या काळी इंटरनेट नव्हते, पण निवडीचे सूत्र तेच होते.

मात्र आपल्या मातीतले म्हणून कोणतेही क्षेत्र चालते, असेही नाही, आणि या ठिकाणी भावनेपेक्षा हिशेब कामाला येतो. खान्देशी पदार्थ ऑनलाइन विकायचे म्हटले की, बचत गटांच्या मनात सर्वप्रथम कुरडया, बिबडे आणि ज्वारीचे पापड येतात. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेला हा माल चवीला उत्तम असतो, परंतु पार्सलसाठी तो अतिशय अवघड आहे. कुरिअर कंपन्या काट्यावरचे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे आकारतात. आकारमानाचे वजन काढताना खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून येणाऱ्या संख्येला सर्वसाधारणपणे ५००० ने भागतात. म्हणजे ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमान ३०,००० आणि त्याचे वजन ६ किलो धरले जाते. त्याच खोक्यात कुरडया भरल्या तर काटा त्याच्या निम्म्यावरही जात नाही. भाडे सहा किलोचे, माल निम्म्याहून कमी, आणि वाटेत झालेला चुरा वेगळाच. त्यातच ग्राहकाने माल हाती आल्यावर पैसे देण्याचा पर्याय निवडून पार्सल परत पाठवले, तर जाण्याचे आणि येण्याचे अशी दोन्ही भाडी विक्रेत्याच्या माथी बसतात.

खान्देशी काळा मसाला या सर्व कसोट्यांवर वेगळा ठरतो. तो कमी जागेत जास्त वजनाचा असतो, फुटत नाही, नीट बंद केलेल्या पाकिटात काही महिने टिकतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो संपतो. शेवभाजी आणि भरीत करणाऱ्या घराला तो पुन्हा मागवावाच लागतो, आणि दुसऱ्या मागणीसाठी जाहिरातीचा खर्च जवळजवळ करावा लागत नाही. या व्यवसायातील नफा पहिल्या विक्रीत फारच क्वचित असतो. बहुतेक वेळा पहिल्या विक्रीचा सगळा फायदा जाहिरात आणि कुरिअर मिळून खाऊन टाकतात. म्हणून जी वस्तू आयुष्यात एकदाच घेतली जाते, तिच्यावर अल्प भांडवलाच्या माणसाने व्यवसाय उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खापरावरच्या मांड्यांचे गणित आणखी निराळे. ते दूर पाठवता येत नाहीत, त्यामुळे दूरच्या ग्राहकाला त्यांची जाहिरात दाखवणे हा शुद्ध अपव्यय आहे. परंतु मांडे करणाऱ्या बाईंची गूगल मॅपवर नीट नोंद केली, छायाचित्रे लावली आणि लग्नाच्या व डोहाळजेवणाच्या मागण्या त्याच गावातून मिळवल्या, तर तेही एक नेमके आणि फायद्याचे क्षेत्र ठरते. भरिताच्या वांग्याबद्दल मला वारंवार विचारले जाते. जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय ते चिन्ह आपल्या पाकिटावर छापता येत नाही, हे अनेक विक्रेत्यांच्या गावीही नसते.

ग्राहक कोठे आहे, हाही निवडीचाच भाग आहे. खान्देशाबाहेरचा खान्देश पुणे, नाशिक आणि कल्याण-डोंबिवलीत आहे, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात तर तो फार मोठ्या संख्येने आहे. या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी पुस्तकी मराठीतली जाहिरात फारशी उपयोगाची नाही. ‘मसाला घरना शे’ एवढे अहिराणीतले वाक्य जे काम करते, ते महागड्या छायाचित्रांनी होत नाही, असा माझा अनुभव आहे. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर मिळणारा प्रचंड प्रेक्षक पाहूनही आपल्या व्यापाऱ्यांना या बोलीची बाजारातली किंमत अजून उमगलेली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. येथे एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतील लहान विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठांवरून राज्यातल्या राज्यात माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. परंतु सुरतला मसाल्यासारखा करपात्र माल पाठवणे ही राज्याबाहेरची विक्री असून तिला नोंदणी लागते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक हवा, हे तर सांगायलाच नको.

आता चिकाटीविषयी. एखादे संकेतस्थळ शोधात वर येण्यासाठी केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शने, अशी अट आहे; आणि अट पूर्ण झाली म्हणजे पगार सुरू झाला असेही नव्हे, त्या दिवसापासून फक्त दार उघडते. केळीचे खोड लावल्यापासून घड हाती यायला वर्षभर लागते, हे ज्या घरात सर्वांना ठाऊक आहे, त्याच घरातला मुलगा तिसऱ्या महिन्यात चॅनल बंद करून दुसरा विषय धरतो. विषय बदलला की आधीचा प्रेक्षक, आधीची माहिती आणि शोधयंत्राने ठेवलेली आधीची ओळख, सर्व काही शून्यावर येते. आमच्या अमळनेरात तर १९४५ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचे, म्हणजे पुढच्या विप्रोचे, शेअर न विकता धरून ठेवणारे पुढे कसे श्रीमंत झाले, हे घरोघर सांगितले जाते. पण तो धडा आम्ही फक्त शेअरपुरताच घेतला असावा.

तथापि चिकाटी म्हणजे डोळे मिटून तेच करत राहणे नव्हे, आणि या बाबतीत यशोगाथा सांगणाऱ्यांनी बरीच दिशाभूल केलेली आहे. क्षेत्र तेच ठेवावे आणि त्यातली पद्धत मात्र सतत तपासत राहावी. लोकांनी किती ‘लाइक’ दिले याकडे मी पाहत नाही. दुसऱ्यांदा मागणी करणारे किती, एक ग्राहक मिळवायला जाहिरातीवर किती खर्च झाला आणि किती पार्सले परत आली, हे तीन आकडे मी दर आठवड्याला वहीत लिहिते. सहा महिने मनापासून काम करूनही कोणी अनोळखी माणूस आपणहून माल विचारत नसेल, फक्त नातेवाईकच घेत असतील, तर चिकाटी वाढवण्याऐवजी वस्तू किंवा ग्राहकवर्ग बदलावा. अनोळखी ग्राहक थोडे का होईना येत असतील आणि त्यांतले काही परत येत असतील, तर मात्र कंटाळा आला तरी सोडू नये. कंटाळा हा या कामाचा स्थायिभाव आहे. तीच पाकिटे, तेच पत्ते, ‘मसाला तिखट आहे का’ हा तोच प्रश्न.

दुसऱ्याच्या जागेवर घर बांधण्याचा धोकाही वर्गांत सांगितला जात नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या ज्या मुलामुलींनी लाखांनी चाहते जमवले होते, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी एकाही चाहत्याचा फोन क्रमांक नव्हता. तेव्हापासून मी सर्वांना पहिल्या मागणीपासूनच ग्राहकाची संमती घेऊन त्याचे नाव, गाव आणि क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवायला सांगते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. तरी आपणहून जोडलेल्या अडीचशे ग्राहकांची यादी माझ्या दृष्टीने लाखभर अनोळखी चाहत्यांपेक्षा मोलाची आहे.

आपल्याला माझी विनंती दोन प्रकारची आहे. ऑनलाइन कमाईच्या वर्गाची जाहिरात स्वीकारताना तिच्यात उत्पन्नाचा आकडा असेल, तर तो आकडा कोणत्या वस्तूच्या किंवा सेवेच्या विक्रीतून आला, हे जाहिरातदाराकडून लेखी मागावे आणि ते न देणाऱ्याची जाहिरात नाकारावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे अशा आग्रहाला पुरेसा आधार देतात. दुसरी विनंती आपल्यामार्फत तिन्ही जिल्ह्यांच्या उद्योग केंद्रांना आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आहे. बचत गटांच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात चित्रफीत कशी कापायची यापेक्षा पार्सलचे भाडे कसे काढायचे, परताव्याचा खर्च किमतीत कसा धरायचा आणि अन्न परवान्याचा अर्ज कसा भरायचा, यांना अधिक तास द्यावेत. वाळवणाचा हंगाम चैत्रात सुरू होतो. माघ-फाल्गुनात असे प्रशिक्षण झाले, तर कोणता माल पार्सलने पाठवायचा आणि कोणता गावातच विकायचा, हे गटांना गहू भिजत घालण्यापूर्वी ठरवता येईल.

आपली नम्र,
एक लघुउद्योजिका,
अमळनेर, जि. जळगाव