दिंडीच्या स्वयंपाकाबद्दल

ति. बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधीच सांगून टाकते. यंदा नातेपुत्याच्या मुक्कामाला आपल्याकडच्या दिंडीच्या ६० माणसांचा स्वयंपाक आचारी करणार. पैसेही देऊन झालेत. रागावू नकोस गं. खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय. आणि गेल्या वर्षीची तेला-डाळीची उधारी पोळा झाला तरी फिटली नव्हती, हे मला काकूकडून कळलं.

पैसे पाठवताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. इथं पुण्यात पालखी दोन रात्री असते, तेव्हा आमच्या ऑफिसातून रेनकोट, बिस्किटांचे पुडे जातात. एरवीही संस्थांना मी फोनवरूनच पैसे भरते, मिनिटात ८०जीची, म्हणजे करसवलतीची, पावती येते. ते कुणाच्या पोटात गेलं, मला ठाऊक नसतं. इथली माणसं कोरडी नाहीत, बाबा. ओळखच नसते, म्हणून पावती लागते. पण त्या पावतीवर धान्य चालत नाही, रोखही २,००० रुपयांपर्यंतच. तुम्हाला शेतीवर कर नाही, सवलतीचं काही अडलेलं नाही. तरी शहरातलेच जास्त देतात असं कुणी म्हणालं, की खळ्यावर घरच्याआधी तुम्ही बाजूला काढलेलं ज्वारीचं पोतं मला आठवतं. ते कुठल्या हिशेबात येणार?

परभणीच्या त्या दात नसलेल्या आजोबांसाठी तू भाकरी दुधात कुस्करायचीस. मी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन त्यांचे पाय धुवायला बसायचे, तर ते मलाच ‘माउली’ म्हणून वाकायचे आणि मी लाजून तुझ्या पदरात.

म्हणून भाकऱ्या ज्वारीच्याच, आपल्याच पोत्यातल्या. तू चाखल्याशिवाय पिठलं उतरवायचं नाही, असं आचाऱ्याला बजावलंय. गल्लीतून भाकऱ्या येतात त्या येऊ देत, कुणाला नको म्हणू नका. तुला ओसरीवर खुर्ची ठेवायला सांगितलीय. तिथं बसून सगळ्यांना ताक दे, ते काम तुझंच. पण चुलीपाशी जायचं नाही आणि गुडघ्याचा पट्टा काढायचा नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, पंगत उठेपर्यंत थांबू नका.

पालखी बरडला पोचली की मी इथून निघते. पाय धुवायचं पाणी मीच तापवीन.

तुमची
बाळी