रोजचा फोन आणि अमेरिकेचा अर्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात मुलाचा अमेरिकेहून फोन आला. तब्येतीची चौकशी झाली आणि एकदम म्हणाला, "बाबा, रिटायर झालात तेव्हा तुमचा हुद्दा नक्की काय होता?" मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत चार्जमन म्हणून लागलो, फोरमन होऊन बाहेर पडलो. त्याला ते ठाऊक आहे, पण आता ते सरकारी अर्जात लिहायचं होतं.

तो तिथला नागरिक होऊन सहा वर्षं झाली. कंपनीकडे संरक्षण खात्याचं काम आलं आहे आणि त्यावर बसायला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय काम हाताळण्याची सरकारी परवानगी लागते. त्यासाठीचा एसएफ-८६ हा अर्ज शंभरावर पानांचा. त्यात आई, वडील, भावंडं, सासू-सासरे यांचा जन्म, नागरिकत्व, पत्ता, नोकरी, परदेशी सरकारशी संबंध, आणि संपर्क किती वेळा व कसा, हे सगळं भरायचं. माझी पेन्शन केंद्र सरकारची, सुनेचे वडील सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे आमचं अख्खं घरच 'परकीय सरकार'!

चौकशीला माझा आक्षेप नाही. फॅक्टरीत शिरताना आमचेही डबे उघडून बघत. आणि आजोबा कधीकाळी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर आपणही ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) कार्ड देत नाही, तेव्हा अमेरिकेलाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. मुलाला तिथल्या एका मराठी स्नेह्याने सल्ला दिला की फोन कमी कर आणि अर्जात 'क्वचित' लिही. आमच्या घरी रोज सकाळी आठला, पोहे परतता परतता, त्याची आई व्हिडिओ कॉल लावते. तिकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. ती कढई तशीच ठेवून मला म्हणाली, "म्हणजे मी आता बोलायचं नाही का?"

मग मी वाचायला बसलो. जून २०१७ पासून तिथे यासाठी तेरा निकष लागू आहेत, त्यांतला दुसरा परकीय प्रभावाचा. संपर्क वरवरचा आणि क्वचित असेल तर धोका कमी, असं त्यात खरंच म्हटलं आहे. त्या स्नेह्याने तेवढंच वाचलं असावं. संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडच्या नोकरदारांचे क्लिअरन्सबद्दलच्या अपिलातले निकाल नावं गाळून प्रसिद्ध होतात. त्यांत पुन्हा पुन्हा येतं की जवळच्या नातलगांशी असलेला संपर्क वरवरचा नसतो, असंच गृहीत धरायचं. सासू-सासऱ्यांबद्दलही माया आहे असं धरूनच चालायचं. उलट सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. म्हणजे फोन कमी करून हाती काही लागत नाही, आणि खोटं लिहिलेलं सापडलं तर तो वेगळाच, जास्त जड आक्षेप होतो. उपयोग होतो तो तिथे मुळं किती रुजली आहेत हे दाखवण्याचा: घर, तिथेच वाढणारी मुलं, नोकरीची वर्षं.

खटकतं ते हे की शंका उरली तर ती अर्जदाराच्याच विरोधात जाते. चुकायचंच असेल तर नकाराच्या बाजूने चुकावं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच नौदलाच्या एका खटल्यात म्हटलं आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत ते वाचताना फारच कोरडं वाटतं. पण ज्यांच्या घरी असे अर्ज भरले जात असतील त्यांनी ऐकीव सल्ल्यावर आईचा फोन तरी बंद पाडू नये.

मुलाने आईच्या नावापुढे 'रोज' असं लिहिलं. माझी पेन्शनची फाइल मी माळ्यावरून काढून ठेवली आहे. अजून कोणी मागितलेली नाही.

आपला,
एक निवृत्त फोरमन, पुणे